चूक, कसूर आणि गुन्हा

माझी भाची यंदा बारावीला आहे. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी ती माझ्या छापखान्यात आली आणि वही टेबलावर आपटून म्हणाली, ‘‘मामू, मिस्टेक म्हणजे चूक, एरर म्हणजेही चूक आणि फॉल्ट म्हणजेही चूकच. पुढं डिफेक्ट, फ्लॉ, ब्लेमिश या तिघांपुढं डिक्शनरीत एकच शब्द, दोष. मग इंग्रजांनी एवढे शब्द ठेवले कशाला?’’ घरात आम्ही उर्दू बोलतो, म्हणजे वऱ्हाडात बोलतात तसली, जिला लखनौचा माणूस उर्दू म्हणणार नाही. पण भाषेचा प्रश्न असला की ही पोरगी माझ्याशी मराठीत बोलते. मामू मराठीत कविता करतो म्हणजे त्याला सगळ्या भाषा येत असणार, असा तिचा समज आहे.

मी धामणगाव रेल्वेचा. बी.ए. झालो, त्यात इंग्रजीला काठावर पास. तीसेक वर्षं लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं आणि निवडणुकीच्या दिवसांत पत्रकं छापून पोट भरतो. छापखान्यात बसणाऱ्या माणसाला चुकांबद्दल बोलायचा थोडा अधिकार असावा. मी आयुष्यात जितक्या चुका पाहिल्या, त्यातल्या निम्म्या मीच छापलेल्या आहेत. खिळे जुळवण्याच्या काळात एकदा नवरदेवाच्या नावामागं ‘चि. सौ. कां.’ आणि नवरीच्या नावामागं नुसतं ‘चि.’ गेलं. चारशे पत्रिका होत्या. नवरदेवाचे काका म्हणाले, ‘‘ही चूक नाही, हा अपशकुन आहे.’’ मी म्हणालो, ‘‘काका, पत्रिका फुकट पुन्हा छापून देतो.’’ चूक असेल तर पुन्हा छापता येते. अपशकुनावरचा इलाज माझ्या छापखान्यात नव्हता. शेवटी त्यांनी तिला चूक म्हणायचं मान्य केलं, आणि पत्रिका वेळेत गेल्या.

भाचीला उत्तर द्यायला मी समोरचं बिलबुकच घेतलं. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘ई. अँड ओ. ई.’ असं असतं. एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड. आमच्याकडच्या एका जुन्या दुकानदाराची खात्री होती की हा शब्द ‘ॲक्सेप्टेड’ आहे, म्हणजे चुका आम्हाला कबूल आहेत. प्रत्यक्षात तो ‘एक्सेप्टेड’ आहे, अपवाद या अर्थाचा. काही चुकलं किंवा राहिलं असेल तर तेवढं वगळून बाकी हिशेब बरोबर समजावा, आणि चुकलेलं दुरुस्त करायचा आमचा हक्क शाबूत. मारवाडी दुकानांची बिलं छापताना त्याच जागी ‘भूलचूक लेनी देनी’ येतं. मराठी कागदपत्रांत ‘चू. भू. द्या. घ्या.’ म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी. एरर म्हणजे चूक, ओमिशन म्हणजे भूल. लिहिताना आकडा वेगळा पडला तर चूक, लिहायचाच राहिला तर भूल. दोन्ही भाषांच्या व्यापाऱ्यांनी नेमके तेच दोन शब्द निवडले. फरक एवढाच की इंग्रजी बिल चूक बाजूला काढून ठेवतं आणि आपलं बिल ती दोघांत वाटून घेतं.

‘चुकणं’ हे क्रियापद मला फार आवडतं. आमचं गाव रेल्वेचं, यवतमाळकडचे लोकही मोठी गाडी पकडायला आमच्याच स्टेशनावर येतात, त्यामुळं ‘गाडी चुकली’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतो. गाडी चुकते, वाट चुकते, नेम चुकतो. या सगळ्यांत काहीतरी गाठायचं होतं आणि ते हुकलं, एवढाच अर्थ आहे. माणूस वाईट आहे असं कुठंच म्हटलेलं नाही. इंग्रजीतला एरर लॅटिनमधून आला, तिथं त्याचा अर्थ भटकणं, वाट सोडून जाणं. उर्दूत तीर ख़ता होतो, म्हणजे नेम चुकतो, आणि तोच ‘ख़ता’ शब्द शायर आपल्या अपराधासाठी वापरतात. ग्रीक शोकांतिकेच्या चर्चेत ॲरिस्टॉटल ज्याला हमार्शिया म्हणतो, तो शब्दही नेम चुकण्यावरूनच आलेला आहे. मिस्टेक मात्र वेगळा. त्यात ‘टेक’ आहे, घेणं. एक वस्तू समजून दुसरीच उचलली. आपल्याकडं त्याच्या सर्वांत जवळ ‘गल्लत’ आहे. मूळचा ग़लत, मराठीत आल्यावर त्याचा अर्थ सरमिसळ असा झाला. आमच्या गावाच्या नावामागचं ‘रेल्वे’ हे शेपूट गल्लत होऊ नये म्हणूनच आहे. याच जिल्ह्यात अचलपूरकडं धामणगाव गढी आहे. ट्रान्सपोर्टवाल्यानं एकदा माझे कागदाचे गठ्ठे तिकडं नेऊन उतरवले. त्यात त्याची नियत वाईट नव्हती. त्यानं धामणगाव वाचलं आणि पुढचं वाचलं नाही.

मिस्टेक आणि एरर यांच्यात भाषा शिकवणारे आणखी एक फरक करतात. पिट कॉर्डर नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९६७ साली शिकणाऱ्यांच्या चुकांवर एक निबंध लिहिला. त्यात त्याचं म्हणणं असं की माणसाला नियम माहीत आहे, पण थकव्यानं, घाईनं जीभ घसरली, ती मिस्टेक. लक्षात आणून दिली की तो स्वतःच दुरुस्त करतो. एरर म्हणजे त्याला नियमच वेगळा माहीत आहे, किंवा अजून माहीतच नाही. तो पुन्हा पुन्हा तीच चूक करेल, आणि प्रत्येक वेळी आपण बरोबर आहोत असं त्याला वाटेल. कॉर्डर म्हणतो की अशा एररकडं रागानं बघू नका. शिकणाऱ्याच्या डोक्यात भाषेचा कोणता नकाशा तयार होतो आहे ते त्यावरून कळतं.

हे मला चौथीत असताना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी ‘माझी पुस्तक’ म्हणायचो. आमच्या घरी किताब स्त्रीलिंगी. उर्दूत नपुंसकलिंग नाहीच, सगळं जग पुरुष आणि स्त्री यांत वाटलेलं. मराठीत ‘ते’ नावाची तिसरी खोली आहे, हे मला कुणी समजावून दिलं नव्हतं. त्यामुळं ती पुस्तक, तो पाणी. वर्ग हसायचा. गुरुजी एकदा म्हणाले, ‘‘यांच्या जिभेतच दोष आहे.’’ गुरुजी मनानं वाईट नव्हते, पुढं त्यांनीच मला कवितांची पुस्तकं वाचायला दिली. पण मी एक नियम चुकीच्या भाषेतून उचलून आणला होता, तो एरर होता. त्यांनी त्याला जिभेतला दोष केलं. आणि नुसती माझी जीभ नव्हे. ‘यांच्या’ असं ते अनेकवचनात म्हणाले होते.

बरं, जी पोरं हसायची त्यांची मराठी तरी कोणती? ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘शाया’. बदली होऊन पुण्याकडून आलेल्या साहेबांची मुलं आमच्या वर्गात आली तेव्हा मला हसणारे सगळे गप्प झाले, कारण आता हसू त्यांच्यावर यायला लागलं. वऱ्हाडी ही मराठीतली चूक नव्हे, ती मराठीची एक बोली आहे. ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात आमच्याच जिल्ह्यात रिद्धपूरला सिद्ध केलं. मराठी गद्याची सुरुवात जिथं झाली, त्या मुलखाची मराठी अशुद्ध कशी? आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. तरी बाहेरगावच्या संमेलनाच्या मंचावर वऱ्हाडी माणूस अजून ‘ळ’ जपून उच्चारतो.

कवितेच्या जगात दोषांची नावं ठेवायची हौस मोठी. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’चा सातवा उल्हास सगळा दोषांवर आहे. श्रुतिकटु, च्युतसंस्कृति, अप्रयुक्त अशी लांबलचक यादी. त्यात एक दोष आहे ‘ग्राम्य’. म्हणजे मी कवितेत ‘काहून’ लिहिलं की झालाच दोष. उर्दूतले उस्तादही कमी नाहीत. ते दोषाला ऐब म्हणतात. वृत्तात अडखळलात तर सकता. एका शब्दाचं शेवटचं अक्षर आणि पुढच्याचं पहिलं सारखं आलं, जीभ अडली, तर ऐब-ए-तनाफ़ुर. आणि एका ओळीत प्रेयसीला ‘तू’ म्हणून दुसऱ्या ओळीत ‘आप’ म्हटलंत तर त्या दोषाचं नाव शुतुरगुर्बा, म्हणजे उंट आणि मांजर एका दाव्याला! अमरावतीच्या सुरेश भटांनी नव्या कवींसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, त्यामुळं मराठी गझल लिहिणाऱ्या आमच्या पिढीला निदान कुठं काय बिघडतं ते नावानिशी कळलं. नाव कळलं की सुधारता येतं. नुसतं ‘जमलं नाही’ म्हणणाऱ्या परीक्षकाचा काही उपयोग नसतो.

आता डिफेक्ट. हा शब्द वस्तूचा आहे, माणसाच्या कृतीचा नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं इथं चांगली रेघ ओढली होती आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती आहे. मालात खराबी असेल तर डिफेक्ट, सेवेत कमतरता असेल तर डिफिशिअन्सी. पंखा घेतला आणि फिरला नाही, तो डिफेक्ट. पंखा दुरुस्त करणारा पैसे घेऊन आलाच नाही, ती डिफिशिअन्सी. मराठीत आपण मालातला दोष आणि सेवेतली त्रुटी असं म्हणतो. त्रुटी हा मात्र मुळात कचेरीतला शब्द. शेतात किंवा स्वयंपाकघरात कुणी त्रुटी म्हणत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर त्याला त्रुटी म्हणणारा नवरा उपाशी राहील. फॉल्ट हा आणखी तिसराच. लाइन गेली की लाइनमन सांगतो, ‘‘फॉल्ट सापडून नाही राह्यला.’’ म्हणजे बिघाड आहे, पण तारेच्या कोणत्या ठिकाणी ते कळत नाही. आणि तोच फॉल्ट माणसाला लावला की जबाबदारी होते. ‘इट्स युवर फॉल्ट’, यात बिघाड सापडलेला असतो, तुमच्यात. आपला ‘दोष’ अगदी तसाच दुतोंडी आहे. आयुर्वेदात वात, पित्त, कफ हे दोष, त्यांत कुणाची नालस्ती नाही. पण कुणाला दोष दिला की बोट रोखलं जातं. कायद्यात ‘सदोष मनुष्यवध’ म्हणतात, तिथं सदोष म्हणजे ज्याचं उत्तर आरोपीला द्यावं लागतं असा. दुकानात मात्र सदोष साडी पन्नास रुपये कमी करून मिळते.

आमच्या बाजारात जनावराच्या दोषाला खोड म्हणतात. बैल विकताना दलाल आधी दात दाखवतो आणि घेणारा शेवटी विचारतो, ‘‘खोड सांगा.’’ मारतो का, नांगराला बसतो का. खोड म्हणजे जडलेली सवय. खोट वेगळी. खोट सोन्यात असते, नाण्यात असते, धंद्यात येते, आणि नियतीत असते. कापसाला या दोन्हींपैकी काहीच लागत नाही. त्याला कवडी असते. किडीनं, पावसानं पिवळा पडलेला, नीट न उमललेला कापूस. मग ओलावा. सीसीआयच्या खरेदीत आठ टक्के ओलावा धरलेला असतो, त्यावर बारापर्यंत भाव कापून घेतात, बाराच्या वर गेला की गाडी परत. आठ टक्के ओलाव्याला कुणी दोष म्हणत नाही, निसर्ग आहे. रात्री गाडीवर बादलीभर पाणी मारलं तर ती लबाडी. आणि दोन्ही ठिकाणी ओलावा मोजायचं यंत्र एकच. आमच्याकडं एक हदीस लहानपणी सांगतात. पैगंबर बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, बोटांना ओल लागली. विकणाऱ्यानं पावसाचं कारण दिलं. त्यांनी त्याला पाऊस का पडला असं विचारलं नाही. ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही, एवढंच विचारलं. माल भिजणं हा ऐब, तो झाकणं हे दुसरंच काहीतरी. इस्लामी व्यवहारशास्त्रात ऐब लपवून विकलेला माल परत करायचा हक्क घेणाऱ्याला आहे.

हे सगळं भाचीला सांगता सांगता मी काट्यावर आलो, आणि तिथं थांबायला हवं होतं, पण थांबलो नाही.

माझे वडील धान्याच्या बाजारात मापारी होते. त्या काळी तराजूचा काटा. दोन्ही पारडी अगदी सारखी कधीच नसतात, म्हणून हलक्या बाजूला लोखंडाचा, दगडाचा छोटा तुकडा बांधायचे. त्याला पासंग म्हणतात. अमुक माणूस तमुकाच्या पासंगालाही पुरणार नाही असं आपण म्हणतो, तो हाच. काट्यात फरक असणारच हे सरकारलाही मान्य आहे. वजनमापांच्या नियमांत किती फरक चालेल याचे आकडे दिलेले असतात, आणि इंग्रजीत त्याला एररच म्हणतात, परवानगी असलेला एरर. काट्याला ही सवलत आहे. काटा धरणाऱ्याला नव्हती.

१९८३ चा हंगाम असेल. मी बारा वर्षांचा. तुरीचे कट्टे मोजताना वडील मोठ्यानं आकडा बोलायचे आणि काटापट्टीवर तो लिहिला जायचा. आकडे ते उर्दूत बोलायचे, लिहिणाऱ्याला सवय होती. एका कट्ट्याला उनसठ म्हणायचं, तिथं त्यांच्या तोंडून उनहत्तर गेलं. मराठीतही तीच अडचण आहे, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. संध्याकाळी माल पुन्हा मोजला तेव्हा दहा किलो तूर कमी भरली. तोवर शेतकरी पैसे घेऊन गावी गेला होता. तो शेतकरी वडिलांच्या ओळखीचा होता, आदल्याच आठवड्यात दोघांना चहाच्या हॉटेलात बसलेलं लोकांनी पाहिलं होतं. वडील लगेच म्हणाले की मी चुकीचं बोललो, दहा किलोचे पैसे माझ्या मजुरीतून कापा. चूक असती तर ती तिथं चुकती झाली असती. पण कुणीतरी म्हणालं, ‘‘चूक नाही, नियतीत खोट आहे.’’ एकदा नियत आली की दहा किलो तुरीनं भागत नाही.

दोन दिवसांनी वडिलांना कचेरीत बोलावलं. त्यांना उर्दू वाचता यायचं, देवनागरी नाही, म्हणून ते मला बरोबर घेऊन गेले. एक कागद तयार होता, सही केली की लायसन्स चालू राहणार होतं. मी वाचायला सुरुवात केली. माझ्या हातून वजनाच्या कामी गुन्हा घडला असून तो मला कबूल आहे, पुन्हा असे होणार नाही, अशा अर्थाचा मजकूर होता. वडिलांनी विचारलं, ‘‘क्या घडला?’’ मी म्हणालो, ‘‘गुनाह, अब्बा.’’

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘‘गलती लिखो, कसूर लिखो, दसखत करता मैं. गुनाह का हिसाब इधर नहीं होता.’’

श्रोतेहो, गुनाह फारसी शब्द. आमच्या घरात त्याचा अर्थ पाप. देवापुढं जे मांडायचं ते, कारकुनापुढं नव्हे. तोच शब्द मराठीत येऊन गुन्हा झाला, आणि त्यानं मशिदीतून निघून पोलीस ठाण्यात मुक्काम केला. गुन्हा दाखल होतो, गुनाह दाखल होत नाही. आणि सैल बोलण्यात मराठी माणूस ‘माझा काय गुन्हा?’ असंही म्हणतो, तेव्हा त्याला माझी काय चूक एवढंच म्हणायचं असतं. ज्या बाबूनं तो कागद लिहिला त्याच्या मनात यातला कोणता गुन्हा होता, हे आजवर मला कळलेलं नाही. कदाचित त्याला साधी चूक म्हणायची असेल आणि कागदाला वजन यावं म्हणून त्यानं भारी शब्द घातला असेल. तो वैतागून म्हणाला, ‘‘एका शब्दावरून अडता कशाला मामू, सही करून मोकळे व्हा.’’ वडील मोकळे झाले नाहीत. आम्ही घरी आलो. लायसन्स दोन हंगाम बंद राहिलं. त्या दोन वर्षांत ते जिनिंगमध्ये रात्रपाळीला जायचे. पहाटे घरी यायचे तेव्हा भुवयांवर रुई असायची. माझ्या मोठ्या बहिणीची शाळा त्याच वर्षी सुटली. ही भाची तिचीच मुलगी.

वडिलांनी सुचवलेला ‘कसूर’ किती नेमका होता हे मला फार उशिरा कळलं. अरबीत त्याचं मूळ अपुरं पडणं, आखूड होणं. प्रवासात नमाज आखूड करतात, तिला कस्र म्हणतात, त्याच मुळातून कसूर. कर्तव्यात कसूर असं सरकारी नोटिशीत आजही लिहितात, आणि ते बरोबर लिहितात. जेवढं करायचं होतं त्याला माणूस कमी पडला. मराठीतली ‘कसर’ त्याची बहीण वाटते, पण तिचं मूळ निराळं, मोडणं, तुकडा पडणं असं. अरबी लिपीत दोघांची अक्षरंच वेगळी आहेत, देवनागरीत आल्यावर जुळी दिसायला लागली. कसर भरून काढता येते, अंगात तापाची कसर राहते, पुस्तकांना कसर लागते, आणि काटकसर तर आमच्या घरी जन्मापासून आहे. ही माहिती मी कोशांतून गोळा केली. मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश आणि माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा ‘फार्शी-मराठी कोश’. माधव जूलियन या नावानं गझला लिहिणाऱ्या, फारसी शिकवणाऱ्या या कवीनंच पुढं १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहून परके शब्द मराठीतून काढावेत असा आग्रह धरला. त्यांचा कोश मी रोज वापरतो आणि त्यांच्या आग्रहाशी रोज भांडतो. गुन्हा काढून अपराध घातला असता तर वडिलांनी सही केली असती का? अपराध हा शब्द त्यांना कळलाच नसता. मी काहीतरी सांगितलं असतं. पुन्हा मीच.

ही टोचणी मला अनेक वर्षं होती. मी ‘कसूर’ असं वाचून दाखवलं असतं, तर बारा वर्षांच्या पोराच्या एका खोट्या भाषांतरानं बहिणीची शाळा वाचली असती. बी.ए.च्या वर्षी मी वडिलांना हे बोलून दाखवलं. म्हटलं, अब्बा, मराठी का गुन्हा मतलब अपना गुनाह नहीं होता, उसको जुर्म बोलते. ते दाढीवरून हात फिरवत म्हणाले, ‘‘जुर्म बोलता तो भी नहीं करता.’’ माझ्या समाधानासाठी ते तसं म्हणाले असावेत, अशी शंका मला अजून आहे. लायसन्स पुढं परत मिळालं, ते कसं तेही गमतीचं आहे. नवा माणूस खुर्चीवर आला, त्यानं जुना कागद वाचला आणि ‘गुन्हा’ खोडून वर ‘चूक’ लिहिलं. वडिलांनी सही केली. उर्दूत. पैसे दहा किलोचेच कापले.

भाचीनं वहीत सगळं उतरवून घेतलं नव्हतं. बिलबुकापर्यंतचं घेतलं होतं, पुढं पेन हातात धरून ऐकत होती. तिच्या आईनं तिला ही हकिगत कधी सांगितली नव्हती. थोड्या वेळानं तिनं कॉर्डरच्या ओळीखाली रेघ मारली आणि विचारलं, या वेळी उर्दूत, ‘‘मामू, तुमने जो पढ़ा वो मिस्टेक था के एरर?’’

मी म्हणालो, ‘‘एरर. मुझे मालूमइच नहीं था.’’

‘‘और फॉल्ट?’’ ती म्हणाली.

मशीनवर एका पत्रिकेचं प्रूफ पडलं होतं. मी ते हातात घेतलं, चष्मा शोधला, आणि तिला म्हटलं की उशीर झाला, आई वाट बघत असेल, उद्या ये.